उंचावलेला पिकअप, मागची एअर बॅग आणि वजनाचा हिशेब

‘एअर बॅग’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांसमोर येते ती अपघाताच्या क्षणी स्टिअरिंगमधून फुगून बाहेर येणारी जीवरक्षक पिशवी. या लेखाचा विषय असलेली एअर बॅग निराळी आहे. ती वाहनाच्या पोटाखाली, मागच्या ॲक्सलच्या वर, सांगाड्याला टेकून बसलेली असते. जाड रबराच्या या फुग्यात दाबाखाली हवा भरली की तो स्प्रिंगचे काम करू लागतो आणि ओझ्याने खचलेला वाहनाचा मागचा भाग वर उचलून धरतो. मुंबई-पुणे मार्गावरील ‘शिवनेरी’च्या व्होल्वो बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांनी या तत्त्वाचा अनुभव नकळत घेतलेला आहे. त्या बसचे संपूर्ण वजन हवेच्या अशाच फुग्यांवर तोललेले असते.

अमेरिकेत मात्र हा फुगा घरच्या गाडीत, अंगणात बसून, स्वतःच्या हाताने बसवण्याची रीत आहे. तेथील पिकअप ट्रक म्हणजे केवळ मालवाहू वाहन नव्हे. पुढे चार-पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि त्याहीमागे जोडलेला नौकेचा किंवा मुक्कामाच्या फिरत्या घराचा ट्रेलर, असा त्याचा संसार असतो. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’वर हौदा बसवून कारखान्यातूनच पिकअप विकण्यास सुरुवात केली. याच कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आली आहे. या ट्रकांचे मालक दोन गोष्टी हौसेने करून घेतात. पहिली म्हणजे गाडी काही इंच उंच करून तिला मोठी चाके बसवणे आणि दुसरी म्हणजे मागे एअर बॅग बसवणे. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सोप्या आहेत. त्या एकत्र आल्या की मात्र गणित बदलते. ते गणित न मांडता केलेले काम वरकरणी उत्तम दिसते आणि भर महामार्गावर दगा देते.

कल्पना शतकाहून जुनी

हवेच्या दाबावर वाहन तोलण्याची कल्पना नवी नाही. विल्यम हम्फ्रीज या अमेरिकन गृहस्थांनी वाहनांसाठीच्या हवेच्या स्प्रिंगचे पेटंट १९०१ मध्ये घेतले होते. टायर उत्पादक म्हणून प्रसिद्ध असलेल्या फायरस्टोनने १९३० च्या दशकात या तत्त्वावर प्रयोग केले. पुढे बसगाड्यांनी त्याचा स्वीकार केला. ग्रेहाउंड कंपनीच्या १९५४ मधील ‘सीनिक्रूझर’ बसला हवेचेच सस्पेन्शन होते. कॅडिलॅकने १९५७ च्या ‘एल्डोराडो ब्रूहॅम’ या अतिमहागड्या मोटारीत ते बसवले. मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे १९४९ मध्ये ‘एअर लिफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. गाडीच्या मूळ स्प्रिंगला मदत करणाऱ्या पूरक फुग्यांचे जे संच आज बाजारात मिळतात, त्यांत या कंपनीची आणि फायरस्टोनची नावे प्रामुख्याने घेतली जातात.

‘पूरक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बसमध्ये हवेचा फुगा हीच मुख्य स्प्रिंग असते. पिकअपमध्ये मूळच्या स्प्रिंगा जागेवरच राहतात आणि फुगा त्यांच्या जोडीला येतो. बहुतेक अमेरिकन पिकअपना मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतील ‘पाटे’ असतात. काही गाड्यांत, उदाहरणार्थ २००९ नंतरच्या ‘रॅम १५००’ मध्ये, मागे पाट्यांऐवजी वेटोळ्याची कॉइल स्प्रिंग असते. पाट्यांच्या गाडीत फुगा सांगाडा आणि ॲक्सल यांच्या मधोमध उभा राहतो. कॉइलच्या गाडीत लांबट नळकांड्यासारखा छोटा फुगा स्प्रिंगच्या पोटात सरकवतात. या दुसऱ्या प्रकारात दाबाची कमाल मर्यादा बरीच कमी, साधारण ३५ पीएसआयपर्यंत असते. पहिल्या प्रकारात ती १०० पीएसआयपर्यंत जाते.

फुगा उचलतो म्हणजे काय?

फुग्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते. एक आतील हवेचा दाब, आणि दुसरी तो दाब ज्यावर कार्य करतो ते क्षेत्रफळ. समजा, फुग्याचे परिणामकारक क्षेत्रफळ २५ चौरस इंच आहे आणि दाब १०० पीएसआय आहे. दोहोंचा गुणाकार केला की एका फुग्याला २५०० पौंड, म्हणजे सुमारे ११३४ किलो भार पेलता येतो. दोन फुग्यांचे मिळून ५००० पौंड होतात. संचाच्या खोक्यावर छापलेला ५००० हा आकडा अशा हिशेबाचा असतो. ही फुग्यांची क्षमता होय. गाडीची क्षमता निराळी असते आणि खोक्यावरील आकड्याने ती वाढत नाही. हा भेद पुढे कळीचा ठरणार आहे.

हवेच्या स्प्रिंगचा आणखी एक गुण असा, की ती दाबली जाईल तशी अधिक ताठ होत जाते. फुगा चेपला की आतील हवेला जागा कमी उरते आणि दाब वाढतो. त्यामुळे लहान धक्क्याला ती मऊ असते आणि मोठ्या धक्क्याला कणखर. शिवाय ओझे उतरवल्यावर हवा सोडून दिली की गाडी पुन्हा पूर्ववत होते. जास्तीचा पाटा घातला तर तो रिकाम्या गाडीतही कंबर मोडतो. फुग्याच्या लोकप्रियतेचे रहस्य या सोयीत आहे.

गाडी उंच केली कशी, हे आधी पाहावे

उंचावलेल्या ट्रकला फुगा बसवताना पहिला प्रश्न ‘किती इंच उंच’ असा नसून ‘कशाने उंच’ असा असायला हवा. कारण उंची वाढवण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत आणि प्रत्येकीचा फुग्यावर होणारा परिणाम वेगळा आहे.

पहिली पद्धत ‘बॉडी लिफ्ट’ची. यात केबिन व हौदा आणि सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे घालतात. गाडी उंच दिसते, पण सांगाडा आणि ॲक्सल यांतील अंतर जसेच्या तसे राहते. फुगा नेमका याच अंतरात बसत असल्याने येथे मूळ संच कोणत्याही बदलाविना चालतो.

दुसरी पद्धत ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा घालण्याची. येथे सांगाडा व ॲक्सल यांतील अंतर वाढते, मात्र सांगाडा आणि पाट्यांचा वरचा पृष्ठभाग यांतील अंतर बदलत नाही. ज्या संचाचा खालचा ब्रॅकेट पाट्यांच्या डोक्यावर बसतो, त्याचा फुगा मूळ उंचीवरच राहतो. फक्त ॲक्सलला कवटाळणारे यू बोल्ट वा पट्ट्या लांब घ्याव्या लागतात. ज्या संचाचा ब्रॅकेट थेट ॲक्सलवर टेकतो, तेथे मात्र वाढलेले अंतर भरून काढावे लागते. ठोकळा उतरता असेल, तर ॲक्सलसोबत फुग्याची बैठकही कलते. त्याचीही दुरुस्ती करावी लागते.

तिसरी पद्धत अधिक कमान असलेले नवे पाटे टाकण्याची, किंवा आहे त्या पाट्यांत एक जादा पाटा घालण्याची. येथे पाटा आणि सांगाडा यांतील अंतरच वाढते. गाडी चार इंच वर गेली की फुगाही चार इंच ताणला जातो. प्रत्येक फुग्याला उत्पादकाने ठरवून दिलेली काम करण्याची उंची असते. त्याहून अधिक ताणलेल्या फुग्याची ताकद घटते, आणि चाक खड्ड्यात खाली लोंबले की आणखी ताणला जाऊन टोकाच्या धातूच्या चकतीपासून सुटण्याची भीती असते. यावर उपाय म्हणजे स्पेसर. अंतर जेवढे वाढले, तेवढ्याच उंचीचा पोलादी स्पेसर फुगा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये घालायचा, म्हणजे फुगा पुन्हा आपल्या मूळ उंचीवर येतो. असे स्पेसर ठराविक मापांत तयार मिळतात. लाकडाचा ठोकळा, एकावर एक रचलेले वायसर किंवा घरी जोडलेले पाइपाचे तुकडे हे त्यांचे पर्याय नव्हेत. या जागेवर प्रत्येक खड्ड्यागणिक शेकडो किलोंचा मारा होत असतो.

माप घेताना गाडी सपाट जागी, रिकामी आणि चाकांवर उभी असावी. जॅकवर उचललेल्या गाडीचे माप घेऊन स्पेसर मागवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. त्या अवस्थेत ॲक्सल खाली लोंबत असतो आणि अंतर वास्तवापेक्षा कितीतरी अधिक भरते.

प्रत्यक्ष बसवणी

कामाच्या आरंभी चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी. पुढे हवेचा दाब ठरवताना हीच टिपणी उपयोगी पडते. मग पुढच्या चाकांना अडसर लावून मागचा सांगाडा जॅकने उचलावा आणि भक्कम स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. उंच गाडीला उंच स्टँड लागतात. स्टँड पुरत नाहीत म्हणून खाली विटा रचणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

मागच्या ॲक्सलच्या वर सांगाड्याला एक रबरी ठोकळा असतो. मोठ्या खड्ड्यात ॲक्सल सांगाड्यावर आदळू नये, यासाठी त्याची योजना असते. बऱ्याच संचांत हा ठोकळा काढून त्याच जागी फुग्याचा वरचा ब्रॅकेट बसतो. म्हणजे आदळण्यापासून वाचवणारा मूळ अडथळा गेला आणि ती जबाबदारी फुग्यावर आली. या कारणाने फुगा कधीही पूर्ण रिकामा ठेवू नये, किमान ५ पीएसआय हवा त्यात असलीच पाहिजे, असे उत्पादक बजावतात. रिकामा फुगा दुमडतो, घड्यांत घासतो आणि चिरतो. अलीकडच्या काही प्रकारांत फुग्याच्या पोटातच रबरी ठोकळा दिलेला असतो. त्यामुळे हवा गेली तरी गाडी सावरली जाते. खडकाळ वाटांवर जाणाऱ्यांनी हा प्रकार निवडणे शहाणपणाचे.

सर्व बोल्ट आधी हातानेच सैल लावावेत. फुग्याच्या वरच्या व खालच्या चकत्या एकमेकींना समांतर आणि एका रेषेत आल्या आहेत, याची खात्री करावी आणि मगच टॉर्क रेंचने नेमून दिलेल्या ताकदीपर्यंत आवळावेत. तिरका बसलेला फुगा हवा भरताच एका बाजूला पोट काढतो. पूर्ण फुगल्यावर त्याचा घेर वाढतो, हे लक्षात घेऊन टायर, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकची नळी आणि सांगाडा यांपासून सर्व बाजूंनी मोकळी जागा सोडावी. सायलेन्सरची नळी जवळून जात असेल, तर संचासोबत मिळणारा उष्णतारोधक पत्रा न विसरता लावावा. रबराचा खरा शत्रू ओझे नसून उष्णता आणि घासणे हे आहेत.

हवेची नळी बारीक नायलॉनची असते. ती कात्रीने वा पक्कडीने न कापता धारदार पात्याने काटकोनात कापावी. तिरके किंवा चेपलेले टोक जोडात नीट बसत नाही, आणि महिनाभर ‘हवा कुठे जाते’ याचा शोध घेत बसावे लागते. नळी कोठेही मोडू देऊ नये, धारदार कडांवरून नेऊ नये, आणि ॲक्सल खाली-वर झाला तरी ताण पडणार नाही एवढी सैल ठेवावी. उंचावलेल्या गाडीत ॲक्सलची हालचाल बहुधा अधिक असते. म्हणून हा सैलपणाही अधिक लागतो.

डाव्या आणि उजव्या फुग्याच्या नळ्या एकत्र जोडाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात, हा वादाचा मुद्दा मानला जातो. उंच गाडीपुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे. नळ्या वेगळ्याच ठेवाव्यात. एकत्र जोडल्या, तर वळणावर बाहेरच्या बाजूचा फुगा दाबला जाऊन त्यातील हवा आतल्या बाजूच्या फुग्यात जाते. जिथे आधाराची गरज, तिथला आधार कमी होतो आणि गाडी अधिक झुकते. उंचावलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. तिला आणखी झुकायला मदत करणे परवडणारे नाही.

नळ्यांची बाहेरची टोके टायरसारख्या व्हॉल्व्हची असतात आणि ती बहुधा नंबरप्लेटच्या आसपास बसवतात. टायरचाच पंप त्यासाठी चालतो. हौशी मंडळी बॅटरीवर चालणारा छोटा काँप्रेसर आणि केबिनमध्ये दाबमापक बसवून घेतात. काम पूर्ण झाल्यावर दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे दिसले की जोड पुन्हा बसवावा. मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दाब पाहावा. फुग्यातील हवेचे आकारमान टायरच्या मानाने अगदी थोडे असते. त्यामुळे दाबमापक लावतानाच थोडी हवा निसटून आकडा काही पीएसआयने उतरतो. तेवढ्या घटीने घाबरू नये. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट, विशेषतः यू बोल्ट, पुन्हा एकदा आवळावेत. हा टप्पा सर्रास वगळला जातो आणि ब्रॅकेट सरकल्याच्या तक्रारी तेथूनच उद्भवतात.

खाली लोंबणाऱ्या चाकाचा प्रश्न

पाट्यांची गाडी खडबडीत वाटेवर असताना एक चाक खड्ड्यात खोल उतरते आणि दुसरे दगडावर चढते. गाडी उंच करण्याचा मूळ हेतूच चाकांना ही मुभा देण्याचा असतो. फुगा दोन्ही टोकांना बोल्टने जखडलेला असेल, तर मात्र खाली उतरणाऱ्या चाकाला तोच धरून ठेवतो. अर्थात, फुगा ताण सोसण्यासाठी बनवलेला नाही. म्हणून खाली जाण्याची मर्यादा शॉकअब्सॉर्बरने किंवा स्वतंत्र पट्ट्याने ठरवलेली असावी आणि ती फुग्याच्या कमाल उंचीच्या आत असावी. गाडी उंच करताना लांब शॉकअब्सॉर्बर बसवलेले असतात, म्हणून ही तपासणी हटकून करावी. दुसरा मार्ग म्हणजे खाली बोल्टऐवजी वाटीसारखी बैठक बसवणे. चाक खाली गेले की फुगा वाटीतून सुटतो आणि परतताना पुन्हा तिच्यात बसतो.

गाडी सरळ दिसते, वजन मात्र तेथेच असते

येथवरचा भाग पाना-पक्कडीचा झाला. खरा धोका त्याच्या पुढे आहे.

ट्रेलर जोडला की त्याच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार गाडीच्या मागच्या हुकावर येतो. हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने तरफेचा परिणाम होतो. मागचे चाक टेकू बनते आणि पुढचा भाग उचलला जातो. समजा, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ३.७ मीटर आहे, हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि त्यावर ३०० किलो भार आला आहे. तर पुढच्या ॲक्सलवरील भार सुमारे ९७ किलोंनी घटतो आणि मागच्या ॲक्सलवर ३०० नव्हे, तर सुमारे ३९७ किलोंची भर पडते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सैल होते. पावसाळी रस्त्यावर ब्रेक लावताना हे प्रकर्षाने जाणवते.

आता फुग्यात हवा भरली. मागचा भाग वर आला, दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवरून रस्त्यावर उतरला, गाडी कशी ऐटीत सरळ उभी राहिली! पण पुढच्या चाकांवरून गेलेले ९७ किलो परत आले काय? अजिबात नाही. फुगा उंची दुरुस्त करतो, वजनाची वाटणी दुरुस्त करत नाही. ते काम वजन विभागणाऱ्या विशेष हुकाचे आहे. त्याच्या लांब पोलादी दांड्या तरफेचा परिणाम उलटा फिरवून काही भार पुढे ढकलतात. फुगे आणि असा हुक दोन्ही असतील, तर कोणती जुळवणी आधी करावी, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. फुगे आधीच कडक फुगवून ठेवले, तर हुकाला करण्यासारखे काम दिसतच नाही आणि पुढची चाके हलकीच राहतात.

दुसरा हिशेब एकूण वजनाचा. अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल चिकटवलेले असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन न्यावे, याची कमाल मर्यादा त्यावर छापलेली असते. एखाद्या गाडीवर ती ६८० किलो असल्याचे मानू. मोठी चाके आणि उंची वाढवण्याचे साहित्य यांनी मूळ वजनात ९० किलोंची भर घातली, तर उरले ५९०. प्रत्येकी ७५ किलोंची चार माणसे बसली की उरले २९०. हुकावर ३०० किलो आले. हौद्यात अजून एकही पेटी ठेवलेली नाही आणि गाडी १० किलोंनी मर्यादेबाहेर गेली आहे! फुग्यांवाचून मागचा भाग खचला असता आणि मालकाला ओझ्याची जाणीव झाली असती. फुगे बसवल्यामुळे गाडी काटकोनात उभी दिसते आणि तोच मालक हौद्यात आणखी सामान भरतो. खचलेली गाडी हा निसर्गाचा इशारा असतो. फुगा तो इशारा बुजवतो.

फुगे बसवल्याने लेबलवरील आकडा वाढत नाही, ही गोष्ट संच तयार करणारे उत्पादकही स्पष्टपणे लिहितात. कारण वाहनाची क्षमता केवळ स्प्रिंगवर ठरत नसते. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि सांगाडा यांतील सर्वांत दुबळा घटक ती ठरवतो. म्हणून लांबच्या प्रवासाआधी वजनकाट्यावर जाणे हा एकमेव खात्रीचा मार्ग होय. अमेरिकेत महामार्गालगतच्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’चे काटे असतात. प्रत्येक ॲक्सलवरील वजन तेथे स्वतंत्रपणे कळते. या एका चिठ्ठीने दहा तर्कवितर्क मिटतात.

सांगाडा का वाकतो?

ऑस्ट्रेलियात पिकअपला ‘यूट’ म्हणतात. तेथे दूरच्या वाळवंटी वाटांवर, मागे जड ट्रेलर जोडून निघालेल्या दुहेरी केबिनच्या यूटचे सांगाडे मधोमध वाकल्याच्या घटनांची बरीच चर्चा झाली. मागे बसवलेल्या एअर बॅगचा उल्लेख त्यात वारंवार येतो. कारण समजून घेण्याजोगे आहे. पाटा आपला भार सांगाड्याला दोन ठिकाणी देतो, पुढच्या डोळ्यापाशी आणि मागच्या कडीपाशी. फुगा त्यातील बराचसा भार ॲक्सलच्या नेमका वर, एकाच बिंदूवर देतो. त्यामुळे मागच्या कडीचा आधार कमी होतो आणि ॲक्सलपासून हुकापर्यंतचा सांगाडा लांब दांडीसारखा अधांतरी लोंबतो. त्यावर भरलेला हौदा आणि ट्रेलरचा भार खडबडीत वाटेवर मैलोनमैल आदळत राहिला, की टेकूच्या जागी धातू नमतो. दोष एकट्या फुग्याचा नसतो. जादा ओझे, ते फार मागे लादणे, वेग आणि फुग्यातील अतिरिक्त दाब यांचा तो एकत्रित परिणाम असतो. जड वस्तू हौद्यात शक्य तितक्या पुढे, केबिनच्या पाठीला लागून ठेवाव्यात, या सल्ल्यामागे हेच कारण आहे.

ब्रेकचाही एक बारकावा आहे. काही जुन्या पिकअपमध्ये, विशेषतः टोयोटाच्या काही गाड्यांत, मागच्या ब्रेकचा दाब ओझ्याप्रमाणे कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह असतो. सांगाडा आणि ॲक्सल यांतील अंतर घटले की तो गाडी भरलेली आहे असे समजतो आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. गाडी उंच केली किंवा फुग्याने वर धरली, की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि ऐन गरजेच्या वेळी मागचे ब्रेक सौम्य पडतात. अशा गाडीत या व्हॉल्व्हची दांडी नव्याने जुळवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

हवा किती भरावी?

ओझे भरावे, ट्रेलर जोडावा, मग आधी टिपून ठेवलेली उंची आणि आताची उंची यांची तुलना करावी. फुग्यात थोडी थोडी हवा भरून गाडी रिकामी असतानाच्या उंचीच्या किंचित खालीच थांबावे. त्यापलीकडे भरलेली हवा उपकार करत नाही. मागचा भाग ताठ होतो, खड्ड्यावर चाके उसळतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. प्रवास संपला, ओझे उतरले, की दाब किमान पातळीवर आणावा. ओझे नसताना १०० पीएसआय भरून गाडी मिरवणे म्हणजे फुग्याचे आणि सांगाड्याचे आयुष्य स्वतःहून कमी करणे आहे.

आपल्याकडे काय?

भारतात इसुझूने ‘डी-मॅक्स व्ही-क्रॉस’ २०१६ मध्ये आणि टोयोटाने ‘हायलक्स’ २०२२ मध्ये आणली. तेव्हापासून पिकअपची हौस येथेही रुजू लागली आहे आणि गाड्या उंच करून देणारी गॅरेजेही दिसू लागली आहेत. मात्र कायद्याची चौकट निराळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या स्वरूपात आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. अमेरिकेतही सर्व आलबेल नाही. गाडी किती उंच करावी, याचे नियम तेथे राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे मात्र आधी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी चौकशी आणि मगच गॅरेज, असा क्रम ठेवणे हिताचे. अपघातानंतर भरपाईचा प्रश्न उभा राहिल्यावर हौशीने केलेला बदल महागात पडू शकतो.

एअर बॅग हे उपयुक्त साधन आहे, यात शंका नाही. योग्य मापाचा स्पेसर, वेगळ्या नळ्या, रात्रभराची गळती तपासणी आणि वजनकाट्याची चिठ्ठी एवढे सांभाळले, तर ती वर्षानुवर्षे मुकाट्याने सेवा देते. मात्र तिने उचलून धरलेली गाडी पाहताना एक प्रश्न मनाशी जरूर विचारावा. ही गाडी सरळ उभी आहे ती ओझे पेलवते म्हणून, की ओझे दिसेनासे झाले आहे म्हणून? उत्तर वजनकाट्यावर मिळते. डोळ्यांनी मिळत नाही.